जमिनीच्या कागदांची भाषा

शाळेत शिकलेली विद्या घरी कधी उपयोगास येते, असा प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात येत असेल. आपल्या गोव्यात तरी त्याचा पहिला प्रसंग बहुधा जमिनीच्या कागदावरून येतो. मामलेदार कचेरीतून आलेली एखादी नोटीस किंवा तलाठ्याकडून आणलेला उतारा आजोबांच्या हाती असतो, चष्मा सापडत नसतो, आणि नववी-दहावीतील नातवाला किंवा नातीला हाक मारली जाते. मूल अक्षरे बिनचूक वाचते. परंतु 'कब्जेदार', 'फेरफार', 'इतर हक्क' म्हणजे काय, असे कोणी विचारले की ते गप्प होते. यात त्याचा दोष नाही. हे शब्द पाठ्यपुस्तकात येत नाहीत, आणि घरातील मोठी माणसे ते रोज वापरीत असली तरी प्रत्येक जण थोडा निराळा अर्थ मनात धरून वापरतो.

शिवाय ही भाषा एका घराण्याची नव्हे. 'स्थावर' संस्कृतातून आला, 'कब्जा' आणि 'मुखत्यार' हे अरबी-फारसीतून, 'कोमुनिदाद' आणि 'आफ्रामेंत' पोर्तुगीजांकडून, आणि 'लीज', 'झोन', 'कार्पेट' हे इंग्रजीतून. घरात आपण कोकणीतून 'उतारो' म्हणतो आणि कागदावर 'उतारा' वाचतो. राज्ये बदलली, तरी प्रत्येक अमदानी आपले चार शब्द मागे ठेवून गेली.

प्रथम 'स्थावर' हा शब्द घेऊ. जे जागचे हलत नाही ते स्थावर आणि जे हलविता येते ते जंगम, एवढे सर्वांस ठाऊक असते. जमीन, घर, विहीर ही स्थावर. भांडी, दागिने, गाईगुरे जंगम. पण परसातील फणसाचे झाड? उभे आहे आणि फळे देत आहे, तोवर ते जमिनीचाच भाग, म्हणजे स्थावर. तेच झाड लवकरच तोडून लाकूड नेण्यासाठी विकले, तर कायदा त्याला 'उभे इमारती लाकूड' समजतो आणि ते जंगमात जाते. उभे पीक आणि गवत यांसही १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने स्थावरातून वगळले आहे. झाड तेच, विकणारा आणि घेणारा यांच्या मनातील हेतूने त्याची जात बदलते. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली एका खटल्यात याच भेदाचा ऊहापोह केला होता.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. 'जमीन अमक्याच्या नावावर आहे' असे आपण सहज म्हणतो. या एका वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते: मालकी, ताबा आणि नोंद. मालकी म्हणजे ती वस्तू विकण्याचा, देण्याचा, गहाण टाकण्याचा अधिकार. ताबा म्हणजे प्रत्यक्ष कोण राहतो, कोण कसतो, कुंपणाच्या आत कोण आहे. नोंद म्हणजे सरकारी दप्तरात कोणाचे नाव लिहिले आहे. पुष्कळदा तिन्ही एकाच माणसाकडे असतात, आणि म्हणूनच त्यांतील भेद लक्षात येत नाही. पण मालक मुंबईस, ताबा चुलत्याकडे आणि नोंद कधीच वारलेल्या पणजोबांच्या नावे, अशी घरे आपल्या गावांतून कमी नाहीत. पुढे जे शब्द येतील, त्यांतील प्रत्येक शब्द या तिहींपैकी कशाविषयी बोलतो, एवढे विचारीत गेले म्हणजे गुंता बराच सुटतो.

ज्या कागदाला आपण 'एक-चौदाचा उतारा' म्हणतो, तो नोंदीचा कागद आहे. महाराष्ट्रात जसा गावनमुना सात आणि बारा यांवरून 'सातबारा' झाला, तसेच आपल्याकडे नमुना एक आणि नमुना चौदा यांवरून हे नाव पडले. पोर्तुगीज सत्ता १९६१ साली संपली. त्यानंतर १९६८चा जमीन महसूल कायदा आला आणि १९७०च्या दशकात गावोगाव मोजणी होऊन हे दप्तर तयार झाले. शहरी भागात याऐवजी 'फॉर्म डी' असतो आणि सर्व्हे क्रमांकाच्या जागी 'चलता क्रमांक' येतो.

हा उतारा एकदा समोर ठेवून शांतपणे वाचण्यासारखा आहे. वरच्या बाजूस तालुका, गाव, सर्व्हे क्रमांक आणि त्याचा उपविभाग असतो. १२३/४ असे लिहिले असेल, तर १२३ क्रमांकाच्या जमिनीचा चौथा तुकडा असे समजावे. त्याजवळच 'शेताचे नाव' असा एक रकाना आहे, आणि मला तो सगळ्या कागदात अधिक आवडतो. आपल्या पूर्वजांनी प्रत्येक शेताला, भाटाला नाव दिले होते. सरकारी कारकुनाने ते ऐकून लिहून घेतले. गावात ती नावे आज कोणी उच्चारीत नसेल, पण दप्तरात ती शिल्लक आहेत. आजीला विचारून पाहा, तिला ठाऊक असलेले नाव आणि कागदावरचे नाव जुळते का.

त्याखाली क्षेत्राचे रकाने येतात: जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड. यांतील 'जिरायत' आणि 'बागायत' देशावरील माणसासही समजतील. बाकीचे आपल्या मातीतले. तरी म्हणजे भातशेती. खाजन म्हणजे नदीच्या भरतीच्या पाण्यापासून बांध घालून सोडविलेली खोलगट जमीन. बांध आणि मानस नीट राखली तरच ती शेती, एरवी खारे पाणी. मोरड ही उतारावरची उंच शेती, आणि केर या दोहोंच्या मधल्या पातळीवरची रेताड जमीन. हे शब्द भूगोलाच्या तासाला शिकवावेत अशा योग्यतेचे आहेत. केवळ शोभेचेही ते नाहीत. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्यांच्या हाती जाऊ नये, म्हणून गोवा विधानसभेने २०२३ साली कायदा केला. तेव्हा आपली जमीन भातशेतीची म्हणून गणली जाते की नाही, याला आता व्यवहारात पूर्वीपेक्षा अधिक वजन आले आहे.

क्षेत्राचा आकडा वाचतानाही सावध राहावे. तो हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा तीन भागांत असतो. ०.१२.५० हा आकडा पाहून एका विद्यार्थ्याने 'साडेबारा मीटर' असे मला सांगितले होते. वस्तुतः ते बारा आर आणि पन्नास चौरस मीटर, म्हणजे १,२५० चौरस मीटर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि शंभर आरांचा एक हेक्टर. सावंतवाडीकडील पाहुणे गुंठ्यांत बोलतात. त्यांचा गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर, तेव्हा आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच. चाळीस गुंठ्यांचा एकर.

यानंतरचा रकाना 'कब्जेदाराचे नाव'. येथे बहुतेकांची गल्लत होते. रकान्याचे नाव 'मालक' असे नाही, हे लक्षात घ्या. कायदा असे म्हणतो की, ही नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरावी. म्हणजे नोंद असणाऱ्याचे पारडे आरंभी जड असते. पण दुसऱ्याने न्यायालयात जुने खरेदीखत, वाटणीपत्र किंवा पोर्तुगीज अमदानीतील जमीन-नोंदणीचा दाखला आणून आपली मालकी शाबीत केली, तर केवळ उताऱ्यावरील नावाने ती टिकत नाही. महसुली नोंद ही मालकी देत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. उलट बाजूही तितकीच खरी: आपले नाव उताऱ्यात नाही म्हणून आपला हक्क गेला, असेही होत नाही. मात्र ते नाव लावून घेण्याची खटपट जितकी लांबेल, तितकी पुराव्याची माणसे आणि कागद कमी होत जातात.

'कुळाचे नाव' आणि 'इतर हक्क' हे पुढचे दोन रकाने लहान दिसतात, पण यांत कुटुंबांचे भवितव्य दडलेले असते. दुसऱ्याची शेती खंडाने किंवा वाट्याने कसणारा तो कूळ. गोव्यात १९६४ साली कूळ कायदा झाला, आणि १९७६च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाने ती जमीन खरेदी केली असे मानावे, अशी तरतूद आली. मात्र मामलेदाराकडून खरेदीची किंमत ठरवून दाखला घेण्याचे काम अनेक घरांनी पुढे ढकलले. 'इतर हक्क' या रकान्यात दुसऱ्याच्या जमिनीतील आपले घर, झाडे, पायवाट, विहिरीचे पाणी अशा गोष्टी येऊ शकतात. दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याच्या वहिवाटीच्या हक्काला कायद्यात 'सुविधाधिकार' असे भारदस्त नाव आहे. मालकी दुसऱ्याची आणि वाट आपली, असे असू शकते. आणि जमीन विकली गेली तरी वाट बुडत नाही.

कूळ आणि मुंडकार यांची गफलत तर सुशिक्षितांच्या बोलण्यातही आढळते. कूळ शेत कसतो, मुंडकार राहतो. भाटकाराच्या जमिनीत त्याच्या संमतीने कायमचे घर करून राहणारा तो मुंडकार, मग तो भाटकाराची काही चाकरी करीत असो वा नसो. पूर्वी 'उद्या घर मोड' असे भाटकार म्हणाला की पावसाळ्यातसुद्धा बिऱ्हाड उचलावे लागण्याचे भय असे. भाटकाराच्या घरी कार्य निघाले की मुंडकाराची मुले शाळा बुडवून राबावयास जात, हे सांगणारी माणसे अजून हयात आहेत. १९७५च्या मुंडकार संरक्षण कायद्याने त्याला घरातून काढता येणार नाही असे ठरविले, आणि घर व त्याभोवतालची जमीन विकत घेण्याचा हक्क दिला: पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटर, नगरपालिका क्षेत्रात २०० चौरस मीटर, असा त्याचा सर्वसाधारण हिशेब आहे. त्यासाठी मामलेदाराकडे अर्ज करावा लागतो. मुंडकार म्हणून नोंद होणे ही एक पायरी आणि जमीन विकत घेणे ही दुसरी. पुष्कळ कुटुंबे पहिल्या पायरीवरच थांबून 'घर आपले झाले' असे समजून आहेत. घरातून कोणी काढणार नाही हे खरे, परंतु घराखालची जमीन अद्याप भाटकाराचीच आहे.

भाडेकरू हा याहून वेगळा. दुसऱ्याने बांधलेल्या घरात तो भाडे देऊन राहतो. त्यातही 'लीज' आणि 'लायसन्स' असा भेद आहे: लीजने जागेत काही काळापुरता हक्क निर्माण होतो, लायसन्सने केवळ वापरण्याची परवानगी मिळते. एवढे पुरे.

आता कोमुनिदाद. मूळची ही गावकारी. गावची जमीन गावकारांनी समाईकपणे राखावी, बांध-बंधारे, देवळे यांचा खर्च तिच्यातून भागवावा आणि उरलेले वाटून घ्यावे, अशी ती व्यवस्था पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून चालत आली. गावकाराला मिळणाऱ्या वार्षिक वाट्याला 'झोण' म्हणतात. पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद हे नाव आणि लिखित नियम दिले. १९६१ साली, त्यांचे राज्य संपण्याच्या थोडे आधी, तिची संहिता नव्याने जारी झाली. ही जमीन सरकारची नाही आणि पंचायतीचीही नाही, हे ध्यानात ठेवावे. तिचा तुकडा ठराविक वार्षिक देणे मान्य करून कायमचा घेण्याच्या पद्धतीला 'आफ्रामेंत' म्हणतात. कोमुनिदादीच्या जमिनीवर परवानगीवाचून बांधलेल्या घरास घरपट्टी लागली, वीज आली, म्हणून ते कायदेशीर होत नाही. घरपट्टीची पावती हा कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नव्हे. या एका गैरसमजामुळे किती घरांवर टांगती तलवार आहे, हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांस सांगावयास नको.

जमीन एका हातून दुसऱ्या हाती जाते तेव्हा जे कागद होतात, त्यांकडे आता पाहू. खरेदीखत किंवा विक्रीपत्र झाले म्हणजे मालकी बदलते, पण त्यासाठी दस्त नोंदला गेला पाहिजे. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीवाचून पुरी होत नाही, आणि सह्या झाल्यापासून साधारणतः चार महिन्यांच्या आत दस्त निबंधकासमोर हजर करावा लागतो. साठेखत हा पुढे विक्री करण्याचा करार. 'विकीन' असे वचन आणि 'विकले' ही क्रिया यांत जो फरक, तोच साठेखत आणि खरेदीखत यांत. तुम्ही व्याकरणात काळ शिकता, त्याचा असाही उपयोग आहे! साठेखताने मालकी येत नाही. बक्षीसपत्र म्हणजे मोबदला न घेता हयातीत दिलेले दान. मृत्युपत्र लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतरच बोलू लागते, आणि तोवर त्याला ते बदलता येते. गहाणखताने कर्जासाठी मालमत्ता तारण राहते.

मुखत्यारपत्राविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडील पुष्कळ घरांतील माणसे परदेशी असतात. मुखत्यारपत्र म्हणजे 'माझ्या वतीने तू सही कर' अशी मुभा. ते घेणारा मालक होत नाही, मालकाचा हात होतो. मध्यंतरी अनेक ठिकाणी मुखत्यारपत्र, साठेखत आणि पैशाची पावती एवढ्यावरच जमिनी विकल्या जात. अशा कागदांनी मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले.

सहीचा विषय निघाला म्हणून गोव्याचे एक वैशिष्ट्य सांगतो. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून येथे लागू झाली, आणि तिच्यातील कुटुंब व वारसा यांविषयीचे तत्त्व आजही, कोणत्याही धर्माचा गोवेकर असो, त्याला लागू आहे. विवाहापूर्वी निराळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक होते. म्हणून उताऱ्यावर एकट्या वडिलांचे नाव असले तरी विक्रीपत्रावर आईची संमती आणि सही लागते. वडील वारल्यावर त्या मालमत्तेचा अर्धा भाग आईचा स्वतःचाच असतो. वारसांत वाटावयाचा तो उरलेला अर्धा. त्यातीलही निम्म्याहून अधिक भाग मृत्युपत्राने मुलांना डावलून इतरांस देता येत नाही. म्हणजे समाईक मालमत्तेपैकी वडिलांच्या इच्छेवर जातो तो केवळ पाव हिस्सा. मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. गोव्याच्या रहिवाशाची मुंबईस खोली असेल, तर तिच्या वारशासही हाच कायदा लागतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. वारसांमधील वाटणी न्यायालयामार्फत करण्याच्या कामाला आपण 'इन्व्हेंटरी' म्हणतो. लग्न होऊन गेलेल्या बहिणींना न विचारता घर विकण्याचे प्रयत्न होतात, ते बहुधा या कायद्याच्या अज्ञानातून; क्वचित ज्ञानातूनही.

बांधकामाच्या जाहिरातींतील शब्द त्या मानाने सोपे आहेत. 'कार्पेट' म्हणजे घराच्या आतील प्रत्यक्ष वापरावयाची जमीन. आतल्या भिंती तिच्यात धरतात, बाहेरच्या धरीत नाहीत. 'सुपर बिल्ट-अप' म्हणताना जिना, लिफ्ट, वाटा यांचा हिस्साही त्यात मिळवतात, म्हणून आकडा फुगतो. २०१६च्या स्थावर संपदा कायद्याने कार्पेटची व्याख्या ठरवून दिली, आणि नोंदलेल्या कराराशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम आगाऊ घेण्यास मनाई केली. 'एफएआर' हा भूखंड आणि बांधकाम यांचे प्रमाण सांगतो: तो ८० असेल तर ५०० चौरस मीटर भूखंडावर ४०० चौरस मीटर बांधता येईल. 'झोन' आराखड्यात ठरतो. 'सनद' ही शेतीच्या जमिनीचा बिगरशेती वापर करण्याची स्वतंत्र परवानगी. झोन वसाहतीचा आहे, म्हणून सनद मिळालीच, असे नसते.

राहिला 'फेरफार'. खरेदी, वारसा, वाटणी यांमुळे नोंदीतील नाव बदलण्याच्या कामाला फेरफार म्हणतात आणि त्याचा क्रमांक उताऱ्यावर लिहिलेला असतो. बदल करण्यापूर्वी संबंधितांना नोटीस जाते आणि हरकत घेण्यास मुदत मिळते. मालक परदेशी, घर बंद आणि नोंद मृत आजोबांच्या नावे, अशा मालमत्ता हेरून, जुन्या पोर्तुगीज कागदांच्या बनावट प्रती तयार करून त्या परस्पर विकल्याची अनेक प्रकरणे गोव्यात उघडकीस आली, आणि २०२२ साली शासनाने त्यांच्यासाठी विशेष तपास पथक नेमले. गावचे नाव, सर्व्हे क्रमांक आणि उपविभाग ठाऊक असेल, तर एक-चौदाचा उतारा आता शासनाच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येतो. त्यासाठी घरातील जुन्या उताऱ्यावरून हे दोन आकडे वहीत उतरवून घ्यावेत. आणि पाहताना कब्जेदाराच्या नावाबरोबर त्याच्या शेजारचा फेरफार क्रमांकही पाहावा. मागच्या खेपेस नसलेला क्रमांक तेथे दिसला, तर तो कोणत्या दस्तावरून पडला हे मामलेदार कचेरीत जाऊन विचारावे.